थंडीत ट्रक रुसला तर

थंडीचे दिवस आले की धर्माबादच्या रस्त्यावर मिरचीचा ठसका जाणवू लागतो. लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे हे गाव दूरवर ओळखले जाते. थोडे पुढे गेले की बासर आणि तेलंगण. साहजिकच इथे ट्रक ही अनेक घरांची रोजीरोटी आहे. कुणाचा मुलगा ड्रायव्हर, कुणाचा भाऊ क्लीनर, तर कुणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेली. रात्री माल भरून ठेवायचा आणि फजरची नमाज आटोपून निघायचे, हा नेहमीचा शिरस्ता. नेमक्या त्याच वेळी थंडी सर्वांत जास्त असते आणि गाडी सुरू होत नाही. व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात, फेरी चुकते की काय अशी धास्ती वाटते, हप्त्याची तारीख डोळ्यांसमोर येते. अशा घाईत माणूस नको ते करून बसतो.

मराठवाड्यात कसली आली एवढी थंडी, असे कुणी म्हणेल. पण डिसेंबर २०१८ च्या अखेरीस आपल्या शेजारच्या परभणीत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. आणि ट्रक अडण्यासाठी तेवढ्या थंडीचीही गरज नसते. गाडीत आधीपासून जे कच्चे असते, तेच थंडी उघडे पाडते.

डिझेल पेटते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलच्या इंजिनात तो नसतो. पिस्टन हवेला दाबून तिचा आकार सोळा-सतरा पटींनी लहान करतो. त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणजे सारा खेळ उष्णतेचा आहे. पहाटे इंजिनचे लोखंड थंडगार असते आणि दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते. ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमक्या याच वेळी बॅटरीची ताकद कमी झालेली असते. इंजिन हळू फिरले की हवा पुरेशी तापत नाही, आणि हवा तापली नाही की डिझेल पेटत नाही.

आधी कान द्या

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी एकदा सेल्फ मारा आणि नीट ऐका.

नुसती ‘टक-टक’ येत असेल किंवा इंजिन जड, रडत फिरत असेल, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल पाहा. सेल्फ जोमाने फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, म्हणजे डिझेल इंजिनपर्यंत पोहोचत नाही. सेल्फ फिरतो आणि पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. अशा वेळी हिटर असल्यास तो पाहा. तरीही रोज असेच होत असेल, तर नोझल आणि इंजिनचे कॉम्प्रेशन तपासून घ्या.

बॅटरी

बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने मोजले, तर पूर्ण चार्ज बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या थोडे वर दाखवतात. आकडा २४ च्या खाली गेला, तर बॅटरी जवळपास उतरली समजा. दोनपैकी एकच कमजोर असली तरी गाडी अडते, म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल घासा, कोरडी करा, घट्ट बसवा आणि वरून थोडे व्हॅसलिन लावा. घरातल्या स्वयंपाकघरातल्या सोड्याने अनेक गाड्या सुरू झाल्या आहेत! बॅटरीजवळ बिडी-काडी पेटवू नका. तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा असेल, तर ती गाडीही २४ व्होल्टचीच हवी. शेवटची निगेटिव्ह वायर बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर इंजिनच्या लोखंडाला लावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, आणि पुन्हा दाबण्याआधी मिनिटभर थांबा. नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळतो.

ज्या गाडीला हिटर आहे, तिची चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा हिटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. पुष्कळ जण एवढाही सबर करत नाहीत.

डिझेल

टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो. म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. लाइनने हवा धरली असेल, तर हँडपंप मारून ती काढता येते. मात्र नव्या कॉमन-रेल इंजिनच्या जाड पाइपांना पाना लावू नये. त्यांतला दाब इतका प्रचंड असतो की डिझेलची धार कातडीत घुसते. ते काम जाणकाराचे.

डिझेल गोठल्याची शंका आपल्याकडे फार जण घेतात. हिवाळ्यातील डिझेलसाठी आपल्या देशात गोठण्याची मर्यादा ३ अंश ठरलेली आहे. त्यामुळे धर्माबादच्या नेहमीच्या थंडीत हे कारण क्वचितच असते. पण माल घेऊन काश्मीर-लडाखकडे निघालात, तर गोष्ट वेगळी. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे खास हिवाळी डिझेल आणले. तिकडे जाताना इथली टाकी भरलेली घेऊन वर चढू नये. तिथले डिझेल तिथेच भरावे. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याची जुनी युक्ती तर विसरूनच जा. पंप आणि नोझल कोरडे घासले जातात, आणि वाचवलेल्या वेळेची किंमत दुरुस्तीच्या बिलात चुकवावी लागते.

आग नको

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑइल चेंबरखाली चिंध्या किंवा टायर पेटवून इंजिन शेकण्याची पद्धत अजूनही दिसते. वर डिझेलची नळी, तेलकट मळी आणि वायर, मागे वाळलेल्या मिरचीची बारदाने. एक ठिणगी पुरते. त्याऐवजी रेडिएटर आणि इंजिनच्या तोंडावर रात्री जाड ताडपत्री टाका, सकाळी ती काढायला विसरू नका. हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारणेही धोक्याचे. हिटर चालू असेल तर स्फोट होऊ शकतो.

आणि थंडीने कुडकुडणारा ड्रायव्हर केबिनच्या काचा लावून आत कोळशाची शेगडी ठेवतो, हा तर जिवाशीच खेळ. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणेही तसेच घातक. जाड रजई, कानटोपी आणि थर्मासमधला चहा पुरेसा आहे.

घरातल्या माता-भगिनींनी एक गोष्ट जरूर करावी. रात्री फोनवर ‘जेवलात का?’ विचारताना ‘केबिनमध्ये शेगडी तर नाही ना?’ हेही विचारावे. फेरी चुकली तर उद्या दुसरी मिळेल, इन्शाअल्लाह. माणूस मात्र घरी परत यायला हवा.