मंगळवेढ्याची वाट सायकलवरून

सोलापूरहून मंगळवेढा सुमारे ५५ किलोमीटर. तिथून पंढरपूर आणखी पंचवीसेक. भीमाखोऱ्यातली ही वाट घरातल्या तरण्या मुलामुलींनी एकदा सायकलवरून जरूर पाहावी.

घाट नाही. दमवतो तो वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो आणि जाताना थेट छातीवर बसतो. उन्हाळ्याचे तर नावच नको. तेव्हा पौष-माघात निघावे. बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडला की माचणूर. नदीकाठी सिद्धेश्वराचे देऊळ, शेजारी किल्ला. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात इथेच होती. पुढे मंगळवेढ्याची काळी रानं. या भागात पाऊस थोडा, पण ही जमीन ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवरच शाळू पिकतो. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. हुरड्याच्या दिवसांत तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे माझे मत!

पंक्चरचे सामान आणि पंप सोबत हवाच. वेड्या बाभळीचे काटे टायरला सोडत नाहीत.

आता ट्रॉलीवाल्यांसाठी. हेच दिवस ऊसतोडीचे. उसाने झाकलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल तर अंधारात ती सायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागच्या ट्रॉलीला तांबड्या रेडियमची रुंद पट्टी लावा, उसाखाली झाकणार नाही अशी. ट्रॉली बिघडली तर डांबरावर उभी ठेवू नका. सायकलच्या मडगार्डलाही तीच पट्टी लावा आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा.