हेवी लायसन्स : कपाशीच्या ट्रकपासून अजिंठ्याच्या घाटापर्यंत

ट्रक चालवण्याचा परवाना, म्हणजे बोलीतले ‘हेवी’, एका दमात हाती येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीसाठी वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात. हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स मिळून वर्ष उलटल्याशिवाय हेवीचे लर्निंगही निघत नाही. खान्देशातल्या जामनेर, पहूर, बोदवड या भागातून कापूस, सरकी आणि मका घेऊन गाड्या बाहेर पडतात. रावेर-यावलकडून केळी थेट उत्तरेत जाते. या सगळ्या वाहतुकीचा चालक या पायऱ्या चढूनच स्टिअरिंगवर बसावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

अर्जासोबत नमुना 1-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात डॉक्टरने नजर, ऐकू येणे, लाल आणि हिरव्या रंगातला फरक ओळखता येणे हे तपासायचे असते. पूर्वी आठवी पास ही अटही होती. 2019 मध्ये ती काढली गेली. गाडी उत्तम हाकणाऱ्या पण शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला त्यामुळे न्याय मिळाला. मात्र शिक्षणाची अट गेल्यावर प्रशिक्षणाचा भार वाढला, हे विसरून चालणार नाही.

तो भार ड्रायव्हिंग स्कूलवर आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अवजड वाहनाचे शिक्षण किमान 30 दिवसांचे आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान 15 तासांचे असते. शिकवणारा दहावी पास, मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला आणि 5 वर्षे गाडी चालवलेला असावा लागतो. अभ्यासक्रमात वाहतुकीचे नियम आणि गाडीची देखभाल तर आहेच. शिवाय आग विझवणे, प्रथमोपचार आणि लोकांशी वागण्याची रीतही आहे. शेवटी शाळा नमुना 5 चे प्रमाणपत्र देते. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यात या कागदाचे मोल मोठे, कारण आरटीओचा निरीक्षक उमेदवाराला थोडा वेळच पाहतो, शाळेने मात्र त्याला महिनाभर पाहिलेले असते.

आरटीओच्या चाचणीत काय पाहावे, हे याच केंद्रीय नियमांतला नियम 15 बारकाईने सांगतो. गाडी मागे घेऊन अरुंद जागेत घालणे, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा उचलणे, उतारावर वेळेत खालच्या गिअरमध्ये येणे. यातली शेवटची गोष्ट जामनेरकरांनी फार मनावर घेण्यासारखी आहे. पहूरहून फर्दापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाताना अजिंठ्याचा घाट लागतो. परतताना भरलेली गाडी तो उतरते तेव्हा सगळे वजन पुढे ढकलत असते. चालकाने नुसता ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते आणि पुन्हा पुन्हा दाबल्याने एअर ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम इथे उपयोगी पडतो. इंजिनच गाडीला धरून ठेवते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणे म्हणजे ही पकड आपल्या हाताने सोडणे.

हे शिक्षण आजवर बहुतेकांना शाळेत मिळाले नाही. क्लीनर म्हणून चार-पाच वर्षे उस्तादाच्या शेजारी बसायचे, टायर बदलायचे, ताडपत्री बांधायची, आणि मोकळ्या रस्त्यावर कधीतरी स्टिअरिंग हातात घ्यायचे, ही खरी शाळा. तिने अनेक उत्तम चालक घडवले. पण उस्तादाची वाईट सवयही त्याच वाटेने शिष्यात उतरते आणि त्यावर कोणाचीच तपासणी नसते.

घाटात किंवा अंधारात थोडे जरी चुकले तरी किंमत किती पडते, हे खान्देशाने पाहिले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले किमान 15 मजूर गेले. मालाच्या गाडीत माणसे भरायची नाहीत, हा नियम त्याआधीही होता. 4 जुलै 2023 ला मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि अनेकांचा बळी गेला.

थकवा हा दुसरा शत्रू. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी चौकट घातली. केळीचे भाडे मात्र माल पिकण्याआधी पोहोचवायचे असते, आणि ही चौकट सर्वांत आधी तिथेच मोडते.

टँकरसाठी नियम आणखी कडक आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून पेट्रोल आणणाऱ्या चालकाला धोकादायक मालाचे 3 दिवसांचे वेगळे प्रशिक्षण लागते, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. टँकरवरचा इशारा न वाचणारा चालक गळतीच्या वेळी काय करणार?

1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली. तिथे सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असतो, अवजड वाहनाचा कोर्स 6 आठवडे, 38 तासांचा असतो आणि उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ असते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल दिला. छोट्या टेम्पोवाल्यांची विम्याची चिंता त्याने मिटली. मोठ्या ट्रकला हेवी लागतेच.

व्यावसायिक लायसन्सची मुदत 5 वर्षे, धोकादायक मालासाठी 3 वर्षे. मुदत संपल्यावर मिळणारी 30 दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीत गेली. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही कलम 5 प्रमाणे दोषी ठरतो आणि त्याला 5000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून हंगामात नवा चालक ठेवताना मालकाने लायसन्सवरची तारीख पाहावी, आणि नमुना 5 मधले 15 तास खरोखर गाडीवर गेले का, हे चालकाला समोर बसवून विचारावे.