व्याजमुक्त वित्तव्यवहार : जुना कायदा, नवे तंत्र

इस्लामी वित्तव्यवस्था म्हणजे व्याज न आकारणारी बँक, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. शरियतनुसार पैशावर पैसा मिळवणे निषिद्ध असले, तरी व्यापारातील नफा, भाडे आणि भागीदारीतील वाटा ग्राह्य ठरतो. म्हणूनच ‘मुराबहा’ या प्रकारात बँक कर्ज देत नाही. ग्राहकाला हवी असलेली वस्तू ती स्वतः विकत घेते आणि आपला नफा जाहीरपणे मिळवून त्याला हप्त्यांवर विकते. ‘मुदारबा’मध्ये भांडवल पुरवणारा नफ्यात वाटेकरी होतो आणि तोटाही सोसतो.

भारतीय कायद्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ५ नुसार बँक स्वीकारते ती ठेव परतफेडीस पात्र असते. तोट्यात वाटेकरी होणारे भांडवल या व्याख्येत बसत नाही. कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई करते, तर कलम ९ नुसार स्वतःच्या वापराव्यतिरिक्तची स्थावर मालमत्ता बँकेला सात वर्षांपेक्षा अधिक काळ बाळगता येत नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये आणि दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये व्याजमुक्त सेवांची शिफारस केली. मात्र सर्व नागरिकांना वित्तीय सेवांची व्यापक व समान संधी उपलब्ध असल्याचे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये हा विषय पुढे न नेण्याचा निर्णय कळवला.

कायद्याने मान्यता दिली की प्रश्न सुटतो, असेही नाही. मलेशियाने २००९ मध्ये पामतेलासारख्या मालाच्या आधारे असे व्यवहार करण्यासाठी ‘बुर्सा सूक अल-सिला’ हा इलेक्ट्रॉनिक बाजार उघडला. रोकड हवी असलेला ग्राहक येथे तेल उधारीवर घेतो आणि लगेच तिसऱ्याला रोखीने विकतो. तेल जागचे हलत नाही. मालकी काही क्षणांत हातोहात फिरते. ही खरी विक्री की व्याजाचे वेषांतर? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने त्याच वर्षी अशा संघटित व्यवहारांना अमान्य ठरवले. मलेशियात मात्र मध्यवर्ती बँकेच्या शरियत सल्लागार परिषदेचा निर्णय न्यायालयांवर बंधनकारक आहे आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. धर्मशास्त्रीय मतभेद राहिले, पण करार कोणत्या निकषावर तपासायचा याची निश्चिती झाली.

आपल्याकडे अशी निश्चिती नसल्याची किंमत सामान्य बचतदारांनी मोजली. बंगळुरूच्या आय-मॉनेटरी ॲडव्हायझरी या संस्थेने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो लोकांकडून पैसा गोळा केला आणि २०१९ मध्ये ती कोसळली. गुंतवणूकदारांना ठेवीदार न म्हणता मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांचे भागीदार करण्यात आले होते. अशा संस्थेत भागीदारांच्या संख्येला कमाल मर्यादा नाही. त्यातच इलेक्ट्रॉनिक करारांना कायदेशीर मान्यता असल्याने अनोळखी माणसांची ‘भागीदारी’ मोबाइलवरून जुळवणेही आता सोपे झाले आहे.

त्याच वर्षी संसदेने अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम संमत केला. हा कायदा निःसंशय आवश्यक होता. तथापि, भागीदारांनी भांडवल म्हणून दिलेली रक्कम त्यातील ‘ठेवी’च्या व्याख्येतून वगळलेली आहे. प्रामाणिक उद्योगांसाठी ही सवलत योग्यच. पण त्यामुळे खरी भागीदारी कोणती आणि भागीदारीचे नाव दिलेली ठेव कोणती, याची छाननी बहुधा पैसा बुडाल्यानंतरच सुरू होते.