फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडतात, म्हणजे नेमकं काय करतात?

२४ ऑगस्ट २०२३. दुपारी एकच्या सुमारास जपानच्या फुकुशिमा दायची अणुप्रकल्पातून प्रक्रिया केलेलं किरणोत्सारी पाणी पॅसिफिक महासागरात सोडायला सुरुवात झाली. त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात बंद केली. चीनमधल्या दुकानांत मिठासाठी झुंबड उडाली. उद्या समुद्रच दूषित झाला तर मीठ कुठून आणायचं, ही भीती.

त्याआधी जुलैमध्येच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, म्हणजे आयएईएने, अहवाल दिला होता की या पाण्याचा माणसांवर आणि पर्यावरणावर होणारा किरणोत्सारी परिणाम नगण्य असेल. तरीही फुकुशिमाचे मच्छीमार विरोधात होते. मग बरोबर कोण? खरं सांगायचं तर दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नव्हते.

मुळात एवढं पाणी आलं कुठून?

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर इथल्या तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. वितळून थिजलेला हा सुमारे ८८० टनांचा ढिगारा आजही आतच आहे. तो गार ठेवायला पाणी सोडत राहावं लागतं. शिवाय पावसाचं पाणी आणि डोंगराकडून येणारं भूजल इमारतींच्या तळघरांत झिरपतं. या ढिगाऱ्याला लागलेलं पाणी किरणोत्सारी होतं.

सुरुवातीच्या वर्षांत असं पाणी रोज ४०० ते ५०० घनमीटर तयार व्हायचं. मग भूजल उपसायला विहिरी खणल्या, इमारतींभोवती सुमारे दीड किलोमीटर लांबीची जमीन चक्क गोठवून भिंत केली. आता हा आकडा रोज १०० घनमीटरच्या खाली आलाय, पण शून्य झालेला नाही.

पाणी सोडायला सुरुवात झाली तोवर १,००० हून जास्त टाक्यांमध्ये सुमारे १३ लाख घनमीटर पाणी साठलं होतं. एक घनमीटर म्हणजे इमारतीच्या गच्चीवर असते तशी हजार लिटरची एक टाकी. अशा १३ लाख टाक्या! प्रकल्प मोडीत काढायचा तर वितळलेलं इंधन बाहेर काढून ठेवायला जागा हवी, आणि जागा अडवून बसल्या होत्या या टाक्या.

गाळूनही काय उरतं?

हे पाणी ‘आल्प्स’ नावाच्या शुद्धीकरण यंत्रणेतून जातं. ती सीझियम, स्ट्रॉन्शियम यांच्यासह ६२ प्रकारची किरणोत्सारी द्रव्यं ठरलेल्या मर्यादेच्या खाली आणते. ट्रिटियम मात्र तिला काढता येत नाही.

ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊबंद. तो ऑक्सिजनशी जोडला गेला की पाणीच तयार होतं. मिठाच्या पाण्यातून मीठ वेगळं करता येतं, पण पाण्यातून पाणी कसं गाळणार? त्यात सगळ्या टाक्यांमधलं ट्रिटियम एकत्र केलं तरी वजन जेमतेम काही ग्रॅम. ते १३ लाख टन पाण्यात विखुरलेलं.

त्याचा किरणोत्सार इतका दुबळा असतो की तो त्वचेतूनही आत जात नाही. पोटात गेलं तर बहुतेक ट्रिटियम लघवी-घामावाटे निघून जातं, साधारण दहा दिवसांत निम्मं. थोडा भाग पेशींमधल्या सेंद्रिय रेणूंना चिकटून जास्त काळ राहतो. म्हणून ‘काहीच होत नाही’ असं म्हणणंही चूक. सगळा खेळ प्रमाणाचा आहे.

प्रमाण कसं सांभाळतात?

आधी टाक्यांच्या एका गटातलं पाणी ढवळून एकजीव करतात, नमुने घेतात आणि तपासणीचे निकाल येईपर्यंत थांबतात. ट्रिटियम सोडून बाकीची द्रव्यं मर्यादेत असतील तरच पुढे. मग दिवसाला जास्तीत जास्त ५०० घनमीटर पाणी घेऊन त्यात समुद्राचं पाणी मिसळतात, किमान शंभरपट, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. शेवटी समुद्रतळाखालच्या एक किलोमीटर लांब बोगद्यातून ते बाहेर पडतं.

सोडताना एका लिटरमध्ये १,५०० बेकरेलपेक्षा कमी ट्रिटियम असावं लागतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १०,००० आहे. वर्षाची मर्यादा २२ टेराबेकरेल. फ्रान्सचा ला हाग इथला इंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्प दरवर्षी सुमारे १०,००० टेराबेकरेल ट्रिटियम समुद्रात सोडतो.

तारापूरचं काय, असा प्रश्न पडला असेल तर: थोडंफार ट्रिटियम प्रत्येक अणुप्रकल्पात तयार होतं. तारापूरची ३ आणि ४ क्रमांकाची युनिटं जड पाण्यावर चालतात, आणि अशा भट्ट्यांमध्ये ते जास्त तयार होतं. तिथेही नियामक मंडळाच्या मर्यादेतच ते सोडायला परवानगी असते.

मग विरोध कशाला?

ला हागशी केलेली तुलना फक्त ट्रिटियमची आहे, आणि खरी मेख तिथे नाहीच. फुकुशिमाचं पाणी वितळलेल्या इंधनाला लागून आलेलं आहे. म्हणजे विचारायचं ते हे, की बाकीची द्रव्यं खरोखर निघाली का? लोकांना अनेक वर्षं वाटत होतं की टाक्यांमध्ये फक्त ट्रिटियम उरलंय. २०१८ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीला मान्य करावं लागलं की दोन-तृतीयांशाहून जास्त पाण्यात इतर द्रव्यंही मर्यादेच्या वर आहेत. हे पाणी पुन्हा शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलं. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबरच. पण गेलेला विश्वास आल्प्समधून परत गाळून निघत नाही.

त्यात २०१५ मध्ये सरकार आणि टेप्कोने फुकुशिमाच्या मच्छीमारांना लेखी दिलं होतं, की संबंधितांना समजावल्याशिवाय पाण्याची कसलीही विल्हेवाट लावणार नाही. मच्छीमारांनी त्याचा अर्थ ‘तुमची संमती’ असा घेतला, आणि माझ्या मते दुसरा अर्थ निघतही नाही. दुर्घटनेनंतर जवळपास नऊ वर्षं ते मोजकीच, चाचणीपुरती मासेमारी करत होते. हा टप्पा मार्च २०२१ अखेर संपला. १३ एप्रिलला सरकारने पाणी सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

दुसरे पर्याय नव्हते असं नाही. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुर्घटनेनंतर खालच्या गावांच्या विरोधामुळे पाणी नदीत न सोडता १९९१ ते १९९३ मध्ये वाफ करून उडवलं गेलं. पण ते होतं जेमतेम ९,००० घनमीटर. आणखी थांबायचं, तर ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, पण नवं पाणी येतच राहतं.

फुकुशिमात हे काम सुमारे तीस वर्षं चालेल असा अंदाज आहे. आयएईएचे लोक प्रकल्पावर बसून नमुने तपासतात. बोगद्याच्या तोंडाजवळ लिटरमागे ७०० बेकरेलपेक्षा जास्त ट्रिटियम आढळलं, तर पाणी सोडणं थांबवायचं असा नियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिकाम्या झालेल्या टाक्या पाडायला सुरुवात झाली. ज्या इंधनासाठी ही जागा मोकळी करतायत, त्याचा पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला. वजन ०.७ ग्रॅम.