बेसूर ट्युबा, दमलेले ओठ

अंधेरी-घाटकोपरच्या वरातीत बँडमधला ट्युबा बेसूर वाटला, की दोष वादकाला दिला जातो. कारण अनेकदा नळीत असते.

बी-फ्लॅट ट्युबाची नळी सुमारे साडेपाच मीटर. पहिल्या व्हॉल्व्हने तिच्यात सुमारे ६७ सेंटिमीटरची भर पडते, तिसऱ्याने १०४. दोन्ही एकत्र दाबल्यावर १८४ हवे असतात, मिळतात १७१. नळी अपुरी पडते, स्वर चढतो. चौथा व्हॉल्व्ह असल्यास ही उणीव बरीचशी भरून निघते. तीनच असतील, तर वादकाला ओठ सैल करून स्वर उतरवावा लागतो. तासन्‌तास असे वाजवून ओठांचे स्नायू दमतात.

म्हणून मधूनमधून विश्रांती घ्यावी. ओठ सुजले किंवा बधिर झाले, तर वादन थांबवावे. नळी नियमित धुऊन वाळवावी. ओलाव्यात वाढलेल्या बुरशीचे कण श्वासात गेल्यास फुप्फुसांना सूज येऊ शकते. खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना आपले वाद्य कोणते, हेही सांगावे.