अंगठा, आकडा आणि संमती

मागच्या वेळी आपण 'ओळख म्हणजे काय' हा प्रश्न घेतला होता. व्याख्यान संपल्यावर एका आजोबांनी आपला फोन पुढे केला नि विचारलं, "सर, नातू म्हणतो अंगठा लावा, मुलगा म्हणतो आकडा टाका. कुणाचं ऐकू?" आज तेच बघू.

आपल्या वैजापूर भागात अंगठा काही मोबाइलबरोबर आलेला नाही. घरातली जुनी खरेदीखतं काढून बघा, खाली 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डावा अंगठा, असं लिहिलेलं सापडेल. ज्याला सही येत नाही त्याची ती सही. पण दोन्हींत एक फरक आहे आणि सगळी मेख तिथंच आहे. सही करायची तर माणसाला स्वतः हात चालवावा लागतो. अंगठा मात्र दुसऱ्यालाही धरून टेकवता येतो, झोपलेल्या माणसाचासुद्धा. 'हा तोच' एवढं अंगठा सांगतो. 'याची तयारी आहे' हे तो सांगत नाही.

आपल्या दर्शनांत 'पूर्वी पाहिलेला देवदत्त तोच हा' या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. फोन तेवढंच करतो. बोटाच्या रेषांचा एक गणिती नमुना आत जपतो आणि दर वेळी 'पुरेसं जुळलं का' ते पाहतो. अॅपल कंपनी सांगते, की परक्या माणसाचं बोट चुकून जुळण्याची शक्यता 50,000 मध्ये एक, चेहऱ्याची 10 लाखांत एक. चार आकड्यांच्या पासकोडच्या जुळण्या होतात 10,000, सहा आकड्यांच्या 10 लाख. म्हणजे चार आकड्यांपेक्षा बोट बरंच म्हणायचं. त्यातून आपण जन्मसाल ठेवतो, जे सगळ्या गल्लीला पाठ असतं!

पण आकडा उघडा पडला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? 2013 साली आयफोनमध्ये बोटाचं कुलूप आलं आणि काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबनं काचेवर उमटलेल्या ठशावरून नकली बोट करून ते उघडून दाखवलं.

शरीर आणि मन हा भेद न्यायालयांपुढेही आला. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असं घटनेचं कलम 20(3) सांगतं. 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठानं ठरवलं, की बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष द्यायला लावणं नव्हे. उलट 2010 च्या सेल्वी खटल्यात, संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असं याच न्यायालयानं सांगितलं. पासकोड यात कुठं बसतो, यावर न्यायालयांचं एकमत नाही. आम्हाला तो मनाच्या बाजूचा वाटतो.

आता कापूस वेचणाऱ्या बायांचं बघा. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटतात, रेषा झिजतात, मग रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. फोनवरही तेच होतं, पण तिथं तो निमूट आकडा मागतो. फोन बंद करून चालू केला तरी आधी आकडाच मागतो. म्हणजे 'हे की ते' असा प्रश्नच नाही. बोट ही सोय आहे आणि ती आकड्यावर उभी आहे. खालचा आकडा 1234 असेल तर वरच्या बोटाला काय अर्थ?

म्हणून आजोबांना आम्ही म्हटलं, आकडा सहा अंकी ठेवा, जन्मसाल नको. बाजारात, एसटीत मागून कुणी डोकावतं, तिथं बोट वापरा. आपलं बोट कुणी जबरदस्तीनं टेकवील अशी शंका आली, तर फोन बंद करून टाका.

मग पासकोड टाकून त्यांच्या फोनची सेटिंग उघडली. तीन बोटं नोंदलेली होती. दोन त्यांची. तिसरं नातवाचं असेल, असं ते म्हणाले. नातू शेजारीच उभा होता. त्यानं लावून पाहिलं, जुळलं नाही. त्या फोनच्या लेखी तो तिसरा माणूसही आजोबाच होता. ते बोट आम्ही तिथंच पुसलं आणि आकडा बदलायला लावला.