कायद्याचा वर्ग : फाशी यार्डातले विद्यार्थी

मूट कोर्टवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांवर, आज लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यात. विधी सेवा केंद्रांवरचा लेख वाचून तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पत्रातून विचारलं आहे : सनद नाही, कोर्टात उभं राहता येत नाही, मग विद्यार्थ्याने तुरुंगात जाऊन करायचं तरी काय?

प्रश्न विचारायचे आणि उत्तरं नीट लिहून घ्यायची. एवढ्यातून काय उभं राहतं, ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाहायला मिळतं. २०१३ पासून अनुप सुरेंद्रनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली तिथले विद्यार्थी देशभरच्या तुरुंगांत गेले. फाशीच्या कैद्यांची भरवशाची यादीसुद्धा तेव्हा एका जागी मिळत नव्हती. विद्यार्थ्यांनी कैद्यांना गाठलं, त्यांच्या घरी गेले. शाळा, मजुरी, अटक, वकील असं सगळं विचारलं. २०१६ मध्ये ३७३ कैद्यांवरचा अहवाल निघाला. जवळपास ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. सुमारे ७६ टक्के दलित, आदिवासी, ओबीसी किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. हायकोर्टात आपली बाजू मांडणाऱ्या वकिलाला बहुसंख्य कैदी कधी भेटलेच नव्हते! ज्याच्या गळ्याभोवती दोर आहे त्याच्याशी एकदाही न बोलता त्याचं अपील चालवलं जात होतं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

या कामाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. १९९४ चं राठी कुटुंबाचं हत्याकांड पुणेकरांच्या अजून लक्षात आहे. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांवर त्याचं वय विशीचं होतं. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र त्याचं नाव वेगळं होतं आणि जन्मतारीखही. दिल्लीच्या विद्यापीठाच्या याच प्रकल्पाने त्याची बाजू लावून धरली. अल्पवयीन असल्याचा दावा निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो, म्हणून वाट शिल्लक होती. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून पुण्याच्या न्यायाधीशांनी वयाची चौकशी केली. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी हा मुलगा साडेबारा वर्षांचा होता. २८ वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढून तो नागपूर कारागृहातून सुटला.

साडेबारा वर्षांचं पोर! आणि शिक्षा कायम होईपर्यंत कनिष्ठ न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कुणी त्याचा शाळेचा दाखला मागितला नाही.

मूट कोर्टचा विषय पुढे ढकलला तरी त्याच्याशी याचा संबंध आहेच. मूटमध्ये खटल्याची हकिगत छापून हातात मिळते; आरोपीचं वय, नाव, जबाब सगळं ठरलेलं असतं. वाद होतो तो फक्त कायद्यावर. गरिबावरचा अन्याय मात्र बहुतेकदा त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, ती हकिगत लिहिली जात असताना. म्हणून तुरुंगभेट हा ऐच्छिक उपक्रम न राहता गुणांचा विषय व्हायला हवा. त्यासाठी लागणाऱ्या, विधी महाविद्यालयांतल्या विधी सेवा केंद्रांची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे.

तेव्हा पत्रलेखिकेने महाविद्यालयाच्या केंद्रामार्फत परवानगी काढून जवळच्या कारागृहातल्या कच्च्या कैद्यांपासून सुरुवात करावी. तुमचा वकील कोण, तो शेवटचा कधी भेटला, पुढची तारीख कोणती, अटकेच्या वेळी वय किती होतं आणि शाळा कुठली, हे प्रत्येकाला विचारावं. वकील नाही असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्ज त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचवावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.